अप्पांचा भाव

आमच्या सोसायटीत कुणाच्या माळ्यावर जुनी बॅट, सहीचा कागद किंवा सामन्याचं तिकीट सापडलं की ते आधी अप्पांकडे जातं. अप्पांनी उमेदीची वर्षं बँकेत सोनेतारणाच्या खिडकीवर काढली. त्यामुळे वस्तू हातात येण्याआधीच तिच्यात घट किती धरायची, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागतं. मग डोळ्याला भिंग, डोक्यावर ट्यूबलाइट आणि एक दीर्घ "हं."

"कोपरे गेलेत."

तिसऱ्या मजल्यावरचे काका १९८३च्या विश्वविजेत्या संघाच्या सह्यांची बॅट घेऊन आले. अप्पांनी भिंग फिरवलं. "पेनची शाई लाकडात पसरते, जिथे हात टेकतो तिथे जाड होते. ह्या बघा, सगळ्या सह्या एकाच जाडीच्या. आणि भिंगातून नुसते ठिपके. छापील आहे."

"म्हणजे खोटी?"

"बॅट खरी आहे. बंबात चालेल."

मोठे आकडेही त्यांना पाठ आहेत, पण त्यांतही ते वजावट काढतात. धोनीची २०११च्या अंतिम सामन्यातली बॅट लंडनच्या लिलावात १ लाख पौंडांना गेली. अप्पा म्हणतात, ती त्या शेवटच्या षटकाराची किंमत, लाकडाचे काय येणार! शेन वॉर्नच्या कसोटी टोपीला २०२०मध्ये १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मिळाले. "वणव्याच्या मदतीसाठी होता तो लिलाव. दानाचा आकडा टोपीवर लिहायचा नसतो."

मान देतात ते फक्त बेसबॉलपटू मिकी मँटलच्या कार्डाला. १९५२चं हे कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. का? तर त्या मालिकेची न खपलेली कार्डं टॉप्स कंपनीने १९६०मध्ये बोटीत भरून समुद्रात बुडवली होती. अप्पांना बेसबॉल कळत नाही; समुद्र कळतो.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डं खच्चून भरली आहेत. नव्वदच्या आसपास शाळेत असलेल्यांना ती आठवतील: कार्डावर धावा नाहीतर विकेट छापलेल्या, त्या जमवायला पोरांनी दातांची वाट लावली. तर, दिवाळीच्या साफसफाईत कुणी अशी कार्डं दाखवायला आणली की अप्पा भिंगसुद्धा काढत नाहीत. "ढिगाने आहेत. द्या रद्दीत." रद्दीवाल्याला मात्र त्यांच्या घरी चहा असतो, कधी चकलीही. हे दोन प्रसंग जोडून पाहायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

त्यांचा सर्वांत मोठा ऐवज म्हणजे ५ नोव्हेंबर १९८७चं वानखेडेचं तिकीट. विश्वचषकाचा उपांत्य सामना. गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या आणि आपण ३५ धावांनी हरलो. तिकीट दारावरच्या माणसाने फाडलेलं, अर्धंच. दुसऱ्या कुणाचं असतं तर अप्पांनी "फाटकं" म्हणून परत केलं असतं. स्वतःच्या तिकिटाबाबत त्यांचं म्हणणं असं, की अख्खं तिकीट घरी बसणाऱ्याचं असतं.

मध्यंतरी बी विंगमधल्या एका तरुणाने ते मागितलं. अप्पांनी त्याला पिटाळण्यासाठी आकडा सांगितला, "पन्नास हजार."

"चालेल," पोरगा म्हणाला आणि त्याने मोबाइल काढला.

अप्पांचा चेहरा पडला. घासाघीस नाही, भिंग नाही, कोपऱ्यांची चौकशी नाही! म्हणजे याला काहीतरी ठाऊक आहे. "आधी हिला विचारतो," म्हणून त्यांनी व्यवहार थांबवला. लग्न झाल्यापासून त्यांनी काकूंना एखादी गोष्ट विचारल्याची ही पहिलीच नोंद.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "द्या. आणि तो डबाही द्या."

"डब्याचे किती सांगू?"

"त्याला विचारा, न्यायचे किती घेईल."