मेगरभाऊ

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६ वर गेला की लोक ‘ऊन लई आहे’ म्हणतात. मेगरभाऊ म्हणतात, ‘ॲम्बियंट वाढला.’ सूर असा, की हवामान खात्याने त्यांना न विचारता आकडा जाहीर केला. केबलच्या कॅटलॉगात हवा ४० अंश धरलेली असते. वरच्या सहा अंशांचा जाब कोणाला विचारायचा, हा त्यांचा जुना सवाल आहे.

ठेकेदाराकडे केबल टेस्टिंग करणारा हा माणूस ऊर्जानगरपासून आलापल्लीपर्यंत कुठल्याही सबस्टेशनच्या यार्डात सापडतो. नाव वेगळं असेल. डोक्याला दुपट्टा, हातात तारेवरच्या आवरणाचा रोध मोजणारा मेगर आणि मनात संशय तोच. संशय माणसांवर कमी, प्लास्टिकवर जास्त. आतली ॲल्युमिनियमची तार त्यांच्या मते सरळमार्गी: करंट आला, पोचवून दिला. भानगड वरच्या एक्सएलपीईच्या आवरणाची. “दिसते गरीब,” भाऊ म्हणतात, “पण पोटात ठेवते.”

ठेवते हे खरंच आहे. डीसी दाब दिला की चार्ज त्या पॉलिथीनमध्ये शिरतो आणि रेणूंच्या खाचाखोचांत अडकून बसतो. एसीत दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते, बूड टेकायलाही फुरसत नाही. गरमी वाढली की शिरणं सोपं होतं, आणि आत अडकलेला सुटणंही सोपं होतं. त्यामुळे उन्हाने साठा वाढेल की घटेल, हे एका वाक्यात सांगता येत नाही. भाऊंना एका वाक्यात काहीच सांगता येत नसल्याने हा विषय त्यांना फार मानवतो.

त्यांचा लाडका भाग पुढे आहे. भरपूर लोड असला की आतली तार ९० अंशांपर्यंत तापू शकते, बाहेरची बाजू त्या मानाने गार. तापलेलं आवरण वीज जरा जास्त वाहू देतं. म्हणून डीसी केबलमध्ये ताण आतून बाहेरच्या गार थराकडे सरकतो आणि मधल्या जाडीत चार्ज जमत जातो. “भांडण सासूसुनेचं,” भाऊ सांगतात, “अन् डोस्कं फुटते शेजाऱ्याचं.”

चंद्रपूरहून पडघ्याला ±५०० केव्हीची डीसी लाइन १९९९ पासून १५०० मेगावॉट नेते, साडेसातशे किलोमीटर. तिच्याबद्दल भाऊंना काळजी नाही. ती टॉवरवरून, उघड्या हवेतून जाते. कुडूसहून मुंबईत आरेला येणाऱ्या डीसी लाइनचा मोठा भाग मात्र जमिनीखालच्या केबलचा आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी एखाद्या भाच्याने दूरची नोकरी धरल्यावर टाकावा तसा सुस्कारा टाकला.

एकदा गडचिरोलीकडे ११ केव्हीची जुनी केबल दुरुस्त झाली. तरण्या इंजिनीअरने डीसी हायपॉटचा, म्हणजे जास्त दाब देऊन तपासायचा, सेट काढला.

“टेस्ट करून टाकू, भाऊ.”

“पास होईल न साहेब. अन् चार्ज केल्यावर जाईल.”

“काहून?”

“तुमी डीसी भरान, ते आतच राहीन. मंग एसी आली का दोघं मिळून फोडतीन.”

हे मात्र सोळा आणे खरं. जुन्या एक्सएलपीईवर म्हणूनच आता व्हीएलएफ सेट लावतात: दाब एसीचाच, पण दहा सेकंदांत एक फेरा. तो नागपूरहून यायचा होता. तोवर गावातले कूलर बंद आणि भाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू. भाऊ झाडाखाली घोरत होते.

टेस्टनंतर अर्थिंगची दांडी लागली की ती निघत नाही. हेल्पर जेवतो, खर्रा घोटतो, दांडी तिथंच. पोटात मुरलेला चार्ज हळूहळू वर येतो, म्हणून मेलेल्या केबलवरही त्यांचा विश्वास नाही. दुपारी मारलेला मेगरही ते मानत नाहीत. दहा अंश वाढले की रीडिंग निम्म्यावर येतं, हा त्यांचा ठोकताळा. तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी वहीत तापमान. दुधाच्या हिशेबातही.

लेकीला बघायला पोरगा आला, तेव्हा घरच्यांनी हातपाय गाळले. मोटरच्या वायंडिंगला भाऊ एका मिनिटाचं रीडिंग घेतात, मग दहा मिनिटांचं, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागतात. दोनच्या वर आलं की माल चांगला. पोराला खुर्चीत बसवून ते मनगटाकडे बघत गप्प राहिले. पहिल्या मिनिटाला पोरगा गोड बोलला. तिसऱ्याला पगार सांगितला. पाचव्याला त्याची आई खोकली. सातव्याला विषय संपले. मग तो आपणहून उठला, कूलर बंद केला, पिन काढली आणि बादलीने पाणी भरायला लागला.

वहीत नोंद आहे: “पोरगा. २.४. ॲम्बियंट ४५.”