विसराळूंचं पिस्तूल

अमेरिकेत पिस्तूल घेऊन विमानाने रीतसर जाता येतं. गोळ्या काढायच्या, कडक पेटीत ठेवून कुलूप लावायचं, चेक-इनच्या काउंटरवर तसं सांगायचं आणि पेटी सामानात द्यायची. किल्ली आपल्याच खिशात. लोणच्याची बरणी नेणं याहून अवघड. तिचं तेल तरी सुटतं.

तरीही २०२३ साली तिथल्या विमानतळांवर, प्रवाशांच्या हातातल्या सामानाच्या तपासणीत ६,७३७ बंदुका निघाल्या. शेकडा ९३ भरलेल्या! एकट्या अटलांटात ४५१.

सबब ठरलेली : ‘बॅगेत आहे हे विसरलोच.’ माणूस छत्री विसरतो, चष्मा विसरतो, पण ते घरी राहतात. हे मात्र विसरलं की बरोबर येतं.

दंड तेव्हा जवळपास १५,००० डॉलरपर्यंत होता. पाण्याची बाटली फुकटात जप्त होते.