लिंबाचा गळा आवळणाऱ्यांस

मा. अध्यक्ष,
परिसर सुशोभीकरण समिती यांस,

महोदय,

'स. न. वि. वि.' मुद्दाम गाळलं आहे. नमस्कार मी मुख्य इमारतीसमोरच्या अकरा लिंबांना करून आलो आणि मग हे अनावृत पत्र लिहायला बसलो. तुमच्यासाठी माझ्याकडे फक्त हिशेब उरला आहे.

हे लिंब 1970 साली आमच्या वसतिगृहाच्या पहिल्या तुकडीनं लावले. त्या तुकडीत मी होतो. दोन वर्षांत बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीनं तळ गाठला. आम्ही परातीत बसून आंघोळ करायचो आणि खाली साचलेलं पाणी घागरीत भरून रोपांच्या आळ्यात ओतायचो. त्या पाण्यात साबण जाऊ नये म्हणून साबण लावायचा नाही, हा वसतिगृहाचा नियमच होऊन बसला होता. पुढे याच महाविद्यालयात मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि मुळांवरचा धडा दरवर्षी याच झाडांखाली घेतला. बहात्तरच्या दुष्काळाला ती पुरून उरली. तुमच्या सुशोभीकरणाला उरतील का, याची मला खात्री नाही. दुष्काळानं निदान त्यांची माती उघडी ठेवली होती.

गेल्या महिन्यात मी टेप, खुरपं आणि तांब्याभर पाणी घेऊन आलो. अकरापैकी नऊ झाडांना पेव्हर ब्लॉक बुंध्याला अगदी टेकवून बसवले आहेत. कारागिरानं सालीच्या वळणाबरहुकूम ब्लॉक ग्राइंडरनं कापून चपखल बसवला आहे. त्याच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. त्यानं सांगितलेलं काम चोख केलं. ते सांगणारे तुम्ही आहात. फाटकाकडून तिसऱ्या लिंबाशी मी तांब्या रिता केला. पाणी ब्लॉकवरून घरंगळत कडेच्या दगडाशी आलं आणि तिथून गटारात गेलं. फटीत खुरप्याचं टोक घातलं, तर खाली ठोकून बसवलेली कच आणि तिच्याखाली रोलर फिरवलेली खडी. खुरपं बोटभरही आत गेलं नाही.

झाडाचं मूळ खोल पाताळात जातं आणि तिथून पाणी ओढतं, अशी तुमची समजूत असावी. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरलेली असतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून ती मुळांपर्यंत पोहोचते. रोलरनं ती पोकळी दाबून टाकली की मूळ गुदमरतं. हे कुऱ्हाडीसारखं एका दिवसात दिसत नाही, त्याला काही वर्षं लागतात, आणि तेवढ्यात समितीची मुदत संपलेली असते. यंदा पाडव्याला गुढीसाठी डहाळी घ्यायला गेलो, तेव्हा आठ झाडं तांबूस पालवीनं भरली होती आणि तिघांचे शेंडे उघडे होते. रोग आहे का हे तपासायला हवं. पण रोग असला तरी त्याच्याशी झगडायला झाडाला मुळं लागतात.

आता मागच्या बाजूच्या एक एकर लॉनचा हिशेब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवं ठेवायचं, तर दिवसाला किमान 5 मिलिमीटर पाणी हवं. एकरात सुमारे 4,047 चौरस मीटर. म्हणजे रोजचे 20,000 लिटर, दहा हजार लिटरचे दोन टँकर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. एका तहानलेल्या शहरासाठी आणलेली ती अख्खी गाडी तुमच्या लॉनला पंचवीस दिवस पुरली असती. आणि या लॉनवर कुणी बसायचं नाही, अशी पाटी तुम्हीच लावली आहे. आपण मराठवाड्यात राहतो, महोदय. इथे पाण्याचा हिशेब लहान पोरालाही येतो.

लॉनच्या कडेला रॉयल पामची रांग उभी केलीत. क्युबाचं हे राष्ट्रीय झाड त्याच्या मुलखात देखणंच आहे. आपल्या आवारात त्याची सावली सतरंजीएवढीही पडत नाही. दुपारी दीड वाजता लायब्ररीतून बाहेर आलेली मुलगी डबा खायला कुठे बसेल, हा प्रश्न आराखडा मंजूर करताना तुमच्यापैकी एकानं तरी विचारायला हवा होता. लिंबाखालच्या मातीवर पूर्वी पोरं दिवसभर अभ्यासाला बसायची. आता तिथले ब्लॉक दुपारी तव्यासारखे तापतात. हात टेकवून बघा.

'नॅक'च्या मूल्यमापन समितीच्या भेटीच्या आदल्या रात्रीही मी फाटकाशी होतो. नर्सरीच्या टेंपोतून कुंड्या उतरत होत्या. तीन दिवस त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी तोच टेंपो येऊन त्यांना घेऊन गेला. फरशीवर ओल्या मातीची वर्तुळं उरली, तीही दुपारपर्यंत पुसली गेली. या महाविद्यालयात पर्यावरण हा विषय सक्तीचा आहे. त्या तीन दिवसांत मुलं तुमच्याकडून जे शिकली, ते पुसायला आम्हा शिक्षकांना कैक वर्षं लागतील.

'नॅक'साठी हे करावं लागतं, असं तुम्ही म्हणता. 'नॅक'चा सातवा निकष मी वाचला आहे. त्यात हरित परिसरासाठी झाडाझुडपांची लागवड येते, पायी चालणाऱ्यांची सोय येते आणि पावसाचं पाणी साठवणंही येतं. तुम्ही पावसाचं पाणी जिरायची जागाच बुजवली. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ बघून या. तिथे माळरानावर पडणारा पाऊस आवारातल्या तळ्यांत आणि विहिरींत धरला. आपल्याकडे कोल्हापुरासारखा पाऊस नाही. म्हणूनच पडेल तो थेंब आपल्याला जास्त मोलाचा.

कायद्याचंही सांगतो. आपलं गाव नगरपरिषदेचं आहे, त्यामुळे 1975चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा इथे लागू आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात तोडण्यातच धरलं आहे. 2021च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. आमचे अकराही लिंब त्यात बसतात. दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्येच दिला होता. म्हणजे मी जे मागतो आहे, ते कुणा म्हाताऱ्या मास्तरचं खूळ नाही.

खरं दुखणं याहून साधं आहे. आपल्याकडे बाग लावायला पैसा असतो, राखायला माणूस नसतो. आपल्याकडे दोन माळी होते. दोघेही निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत. थोरले माळीमामा फाटकाशी उभं राहून पानांच्या रंगावरून सांगायचे, की पाचव्या लिंबाला पाणी कमी पडतंय. आज ते काम साफसफाईच्या ठेक्यात एका ओळीत आलं आहे. ठेक्याचा मुलगा महिन्यातून दोनदा मशीननं गवत कापतो, पाचोळा गोळा करतो आणि कँटीनमागे पेटवून देतो. उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. तोच पाचोळा आळ्यात पसरला असता तर ओल टिकली असती आणि वर्षभरात त्याचं खत झालं असतं. जे झाडानं स्वतःसाठी खाली टाकलं, ते तुम्ही पैसे देऊन उचलता आणि त्याचा धूर वर्गात सोडता.

फरशीला उद्घाटन असतं, कोनशिला असते, नाव असतं. मे महिन्यात आळ्याला पाणी घालणाऱ्याची कोनशिला कुणी बसवत नाही. पण महाविद्यालयाचा परिसर त्याच्याच जिवावर उभा राहतो.

माझ्या मागण्या चारच आहेत. अकराही लिंबांभोवतीचे किमान मीटरभर ब्लॉक पावसाआधी काढा. जमेल तिथे त्याहून जास्त. एक माळी कायमस्वरूपी नेमा आणि त्याच्या हाताखाली विद्यार्थी द्या. निम्मं लॉन मोडून तिथे बहावा, करंज, कांचन लावा. पहिले तीन उन्हाळे त्यांना जपा, पुढे ती तुमच्याकडे फारसं काही मागणार नाहीत. आणि पाचोळा जाळणं आजपासून बंद करा.

पहिल्या मागणीसाठी तुम्हाला एक रुपयाही खर्च नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची चाळीस पोरं येत्या रविवारी सकाळी सहाला यायला तयार आहेत. काढलेले ब्लॉक सायकल स्टँडपाशी नीट रचून ठेवू. एकही फुटणार नाही, तो पैसाही महाविद्यालयाचाच आहे. पोरांना मी आधीच बजावलं आहे, की बुंध्याजवळ पहार चालवायची नाही, तिथे हातानं आणि खुरप्यानंच काम करायचं.

पहारी आमच्याकडे आहेत. तुमच्याकडून सहीचा एक कागद हवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत वाट बघतो.

आपला,
पहिल्या तुकडीचा एक विद्यार्थी