आ करा!

आमच्या सोसायटीच्या चेअरमननी गच्चीवर पापड वाळत घालायला बंदी केली, तर दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "ही सर्वंकष सत्ता आहे!" काका, शब्द जपून वापरा. पापडबंदी ही फार तर हुकूमशाही. साधा हुकूमशहा तुमचं तोंड बंद करतो आणि आपल्या कामाला लागतो. सर्वंकष सत्ता म्हणते, "आ करा." मग आतले दात तपासते.

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. तुर्कमेनिस्तानचे तहहयात अध्यक्ष सापारमुरात नियाझोव यांना 2004 मध्ये एका विद्यार्थिनीच्या तोंडात सोन्याचे दात दिसले. साहेबांनी भर समारंभात सल्ला दिला: दात मजबूत हवेत तर हाडं चावा, लहानपणी मी कुत्र्यांना चावताना पाहिलंय. सोन्याचं त्यांना वावडं होतं असं मात्र नाही. राजधानी अश्गाबातमध्ये त्यांचा सोन्याने मढवलेला पुतळा होता आणि तो सूर्याकडे तोंड करून दिवसभर फिरत असे. (सूर्यच त्याच्याभोवती फिरतो, असं कुणी म्हटलं असतं तर बढती नक्की होती.)

काकांचा 'सर्वंकष' हा शब्द मुळात इटलीचा. 1923 मध्ये फॅसिस्टांच्या विरोधकांनी तो टीका म्हणून काढला, आणि दोनच वर्षांत मुसोलिनी तो बिरुदासारखा मिरवू लागला. मर्म एवढंच, की सत्तेबाहेर काहीही उरता कामा नये. पंचांगसुद्धा. म्हणून 2002 मध्ये नियाझोवांनी जानेवारीला स्वतःची पदवी बहाल केली, एप्रिलला आईचं नाव दिलं आणि सप्टेंबरला स्वतःच्या 'रुहनामा' या ग्रंथाचं. हा ग्रंथ शाळेत सक्तीचा होता. गाडीचा परवाना हवा असेल तरी त्याचा अभ्यास करावा लागे. क्लच कुठे, ब्रेक कुठे, हे नंतर. ऑपेरा आणि बॅले 2001 मध्येच बंद झाले होते, तुर्कमेन मनाला ते परके म्हणून. खेड्यातली माणसं वाचत नाहीत असं सांगून 2005 मध्ये खेड्यांतली ग्रंथालयंही बंद करायला सांगितलं. 'रुहनामा' मात्र त्याच वर्षी रॉकेटमधून अंतराळात गेला. तिथे वाचक जास्त असावेत.

हसू येतं खरं. पण टाळ्या वाजवणाऱ्याला ते येऊन चालत नसे. गप्प बसणं हासुद्धा गुन्हा ठरतो, तिथे हुकूमशाही संपते आणि पुढचं प्रकरण सुरू होतं. काका पापडांवरून चेअरमनशी तासभर भांडले आणि घरी जाऊन जेवले, हे इथे नोंदवून ठेवतो.

नियाझोव 2006 च्या डिसेंबरमध्ये वारले. 2008 मध्ये महिन्यांना जुनी नावं परत मिळाली, फिरता पुतळाही पुढे शहराच्या कडेला हलवला. गादीवर आले गुर्बांगुली बर्दीमुहमेदोव. 2015 मध्ये अश्गाबातमध्ये त्यांचा स्वतःचा सोनेरी अश्वारूढ पुतळा उभा राहिला, आणि 2022 मध्ये अध्यक्षपद त्यांच्या मुलाकडे गेलं. बर्दीमुहमेदोव पेशाने काय होते म्हणता? नियाझोवांचे दातांचे डॉक्टर.