पोट उघडणारा लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की माणसांच्या दोन जाती उघड्या पडतात. एक जात तो उचलून ‘काय हलका आहे!’ म्हणते, दुसरी तो पालथा घालून स्क्रू शोधते. आमची भाची पहिल्या जातीची, मी दुसऱ्या.

तिच्या मनात मॅकबुक एअर भरलेला. वजन सव्वा किलोच्या आसपास, आत पंखाच नाही. २००८ साली स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला एअर कागदी पाकिटातून काढून दाखवला, तेव्हापासून बारीक असणं हाच लॅपटॉपचा मोठा गुण ठरला. माझा जीव लॅमिंग्टन रोडवरच्या सेकंडहँड थिंकपॅड टी४८० वर.

‘‘मामा, ही वीट तू लोकलमधून नेणार?’’

वीट खरीच. पण तळाचे स्क्रू सैल केले, कडेने नख फिरवलं, की कट्‌कट् करत झाकण सुटतं आणि आत रॅमचे दोन स्लॉट दिसतात. पट्टी काढा, मोठी बसवा. एक बॅटरी आत, एक बाहेर. बाहेरची तर लॅपटॉप चालू असताना बदलता येते. सडपातळ यंत्रांत बहुधा रॅम मदरबोर्डवर कायमची डाख देऊन बसवलेली असते. त्याला कारणही आहे: प्रोसेसरपासूनचं अंतर कमी, म्हणून वेग जास्त आणि वीज कमी. पण मग पाच वर्षांनी किती मेमरी लागेल, ते आजच सांगा! संध्याकाळची भाजी काय करायची हे ज्या घरात सहापर्यंत ठरत नाही, त्या घराला हे विचारायचं.

जुन्यातही मेख आहेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. टी४७० आणि टी४८० दिसायला जवळपास सारखेच, पण पहिल्यात सहावी-सातवी पिढी. काही टी४८० सुद्धा सातव्या पिढीचे निघतात. तेव्हा दुकानदार ‘एकदम मख्खन पीस’ म्हणाला, तरी प्रोसेसरचा नंबर आपल्या डोळ्यांनी वाचावा.

आता, पोट उघडून आम्ही करतो काय? रॅम एकदा वाढवतो. त्यानंतर दर दिवाळीला उघडून पंख्यावरची धूळ फुंकतो, सगळं जागेवर असल्याची खात्री करतो आणि पुन्हा बंद करतो. बायको याला दुरुस्ती म्हणत नाही. सडपातळवाल्यांना तेवढाही उद्योग नसतो. बिचारे सरळ कामाला लागतात.

भाचीने शेवटी एअरच घेतला. देखणा आहे, मांडीवर असल्याचं जाणवतही नाही. परवा आली ती लग्नाच्या फोटोंचं कार्ड मुठीत धरून. तिच्या लॅपटॉपला कार्ड घालायला खाचच नाही.

‘‘मामा, तुझी वीट चालू आहे ना?’’