मातीखालचा पेंढा

आषाढात कोलकात्यातल्या कुमारटुलीच्या, मूर्तिकारांच्या गल्लीतून जाताना दुर्गेकडे बघायला जरा संकोचच वाटतो. देवी अजून पुरती देवी झालेली नसते. बांबूच्या सांगाड्यावर सुतळीने आवळलेला पेंढा, पसरलेल्या दहा हातांना बोटं नाहीत, मानेवर डोकं नाही; ते साच्यातून निघून फळीवर आपल्या पाळीची वाट बघत बसलेलं. मग तुसाची भरड माती, तिच्यावर मऊ माती, रंग, साडी, साज आणि परंपरेप्रमाणे महालयेला डोळे. अष्टमीला हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला आत पेंढा आहे हे ठाऊक असतं; पण त्या घडीला ते आठवत नाही, हेच कारागिराचं यश.

मला मात्र तो पेंढा लॅपटॉप उघडला की आठवतो. चांदनी बाजारातून आणलेल्या त्या जुन्या यंत्रावर मी लिनक्स घातलं आहे. पडद्यावर समुद्राचं चित्र, खाली पट्टी, चार खिडक्या, सगळं कसं एकसंध. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबलं, की समुद्र जातो आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्र फक्त नाव विचारतं. हा झाला पेंढा. त्याच्याही खाली लिनक्सचा गाभा, कर्नल, म्हणजे बांबू. याच शहरात, बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, 1955 साली संगणक आला तेव्हा त्याला ना खिडक्या होत्या ना माऊस. नुसत्या सांगाड्याचीच तेव्हा केवढी अपूर्वाई!

या पेंढ्यावर माती चढवणाऱ्याचं, म्हणजे पडद्यावर खिडक्या आणणाऱ्या प्रणालीचं नाव एक्स. 1984 साली एमआयटीत हा जन्मला. आधीच्या प्रणालीचं नाव डब्ल्यू, म्हणून याचं पुढचं अक्षर. बारसं इतक्या कमी कटकटीत उरकलेलं दुसरं मूल माझ्या पाहण्यात नाही. कोणत्या खिडकीने पडद्यावर कुठे रंगवायचं आणि माऊस कुठे फिरतो आहे, एवढंच तो बघतो. खिडकीला चौकट हवी का, बंद करायची फुली डावीकडे की उजवीकडे, यावर त्याला मत नाही. फुटबॉलमध्ये ईस्ट बंगाल की मोहन बागान, ताटात इलिश की चिंगडी, असल्या प्रश्नांवर जन्मतःच मत असलेल्या गावात असा अबोल गृहस्थ भेटला की बरं वाटतं. मतं द्यायला वरच्या थरात विंडो मॅनेजर आहे, आणि त्याच्याही वर साज चढवायला 1996 चं केडीई किंवा 1997 चं ग्नोम.

एका पावसाळी दुपारी, हाजरा रोडवर पाणी तुंबलेलं असताना, मी मुद्दाम त्या विंडो मॅनेजरलाच बंद केलं. खिडक्यांच्या चौकटी गळून पडल्या, नावाच्या पट्ट्या गेल्या. कोणतीही खिडकी जागची हलेना. पण अर्धवट लिहिलेलं पत्र होतं तसंच, अर्ध्या वाक्यावर थांबलेलं. मग दुसरा मॅनेजर बोलावला. त्याने आल्या आल्या सगळ्यांना आपल्या आवडीच्या चौकटी बसवल्या. पत्राला या सत्तांतराचा पत्ताही नव्हता. आपल्यावर कोण कारभार करतो आहे याची इतकी कमी फिकीर करून जगता आलं, तर आपणही बरीच पत्रं पुरी करू.

या एक्सबरोबर एक्सआईज नावाचा एक छोटा प्रोग्राम असे. पडद्याच्या कोपऱ्यात दोन डोळे. माऊस जाईल तिकडे बुबुळं फिरतात. उपयोग जवळजवळ शून्य. पण पेंढ्यापासून साजापर्यंत सगळं जमलं आहे याची खात्री त्या डोळ्यांकडे बघूनच पटते. 2008 पासून आकाराला आलेल्या वेलँड या एक्सच्या वारसदाराने मात्र थरांची नवी वाटणी केली. एक्सचं आणि मॅनेजरचं काम एकाच कारागिराकडे दिलं आणि शेजारच्या खिडकीत डोकावण्याची मुभा काढून घेतली. एक्सकडे हा भोळेपणा होता खरा: एका खिडकीत टंकलेला पासवर्ड दुसरीला सहज ऐकू जाई. आता तसं होत नाही. पण त्या शिस्तीत बिचारे डोळेही सापडले. माऊस एक्सच्या जुन्या वळणाच्या खिडकीवर असला तरच त्यांना दिसतो. नव्या खिडकीवर गेला की ते शेवटचं जे दिसलं तिकडेच बघत राहतात.

नियम योग्य आहे, हे मलाही पटतं. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या कोणालाही पटेल. तरी मी कामाला बसण्याआधी ते दोन डोळे उघडतो आणि माऊस त्यांच्या नजरेच्या टप्प्यात थोडा फिरवून आणतो. याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण इथल्या लोकांना ट्रामबद्दल हेच विचारलं, तर ते उत्तर देत बसत नाहीत. मुकाट्याने चढून खिडकीजवळची जागा धरतात.