दहा लाखांचा मचवा

‘फुकट ते पौष्टिक’ या तत्त्वावर मी बँकेत चौतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतरचा छंद निवडतानाही ते सोडलं नाही. लहानपणी धरमतरच्या खाडीत मिठाची पोती भरून जाणारे मचवे पाहिले होते, तसा एक घरी करायचा ठरवलं. लाकडाला पैसे पडतात, म्हणून आधी कॉम्प्युटरवर. बोट नंतर, सॉफ्टवेअर आधी. यात सव्वातीन महिने गेले.

टिंकरकॅड ब्राउझरमध्येच चालतं आणि फुकट आहे. ठोकळ्याला ठोकळा जोडायचा, पोकळ ठोकळा घालून वजा करायचा. संध्याकाळपर्यंत माझा मचवा झाला. सात वर्षांच्या नातवाने त्याला साबणाची डबी म्हटलं. मग डेल्फ्टशिप. हे जहाजांसाठीच बनवलेलं, त्याचीही फुकट आवृत्ती मिळते. बोटीची एकच बाजू ओढा, दुसरी ते आपण होऊन धरतं, आणि बोट किती पाणी सारेल तेही सांगतं. सज्जन सॉफ्टवेअर. पण जाळ्याचे ठिपके धरून ओढताना माझ्या हातून नाळेला पोक आला, तो काही निघेना. सोडलं. हे सोडणंच पुढे नडलं.

शेवटी फ्रीकॅड. नावातच फ्री! रेघ काढायची आणि तिला अटी घालायच्या: ही आडवी, ही तिला समांतर, हिची लांबी इतकी. सगळ्या अटी जुळल्या की चित्र हिरवं होतं. छत्तीस गुण जुळवण्यासारखं काम. पहिलं हिरवं चित्र पाहायला मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावलं. ती पीठ लागलेल्या हातांनी आली, म्हणाली, “चौकोन आहे.” चौकोनच होता. दरम्यान, लॅपटॉपच्या पॅडवर बोट फिरवून मनगट धरलं म्हणून चाकाचा माऊस घेतला, साडेचारशेचा. फुकटाच्या खात्यावरचा हा पहिला खर्च.

आता हिशेब, म्हणजे माझा प्रांत. मचवा बारा मीटरचा, प्रमाण विसास एक, म्हणजे मॉडेल साठ सेंटिमीटर. पण वजन वीसपटीने नाही घटत. वीस गुणिले वीस गुणिले वीस, आठ हजारपटीने घटतं. भरलेला मचवा आठ टनांचा धरला, तर मॉडेल बरोबर एक किलो. एक किलो तरंगवायचं तर एक लिटर पाणी सारायला हवं, आणि फ्रीकॅड मोजतं मिलिमीटरमध्ये. एक लिटर म्हणजे दहा लाख घन मिलिमीटर. पडद्यावर दहा लाख दिसले पाहिजेत!

दिसले पाच लाख. मी बोट रुंद केली, खोल केली. सहा लाख, आठ लाख. स्वतःच्या खात्यात कधी दिसला नव्हता तो आकडा जवळ येताना पाहून मी चहासुद्धा विसरलो. चौदा सेंटिमीटर रुंदीची बोट वीसची झाली तेव्हा दहा लाख भरले. त्यावरून फासळ्या कापून घेतल्या, प्लायवूड, फळ्या, वॉर्निश. खर्च विचारू नका.

नातवाच्या फुगवायच्या टबात जलावतरण झालं. बोट बुडाली नाही. बुडायलाच तयार नव्हती! पाण्याची रेघ रंगवलेली होती, ती पाण्याच्या बोटभर वर. सुकाणू निम्मं हवेत. पंखा लावला तर शिडासकट परातीसारखी आडवी घसरत कडेला लागली.

मी चित्रांचे कागद आणून हिला दाखवले. ही घरी ब्लाऊज शिवून देते. तिने डाव्या बाजूचं चित्र पाहिलं, उजव्या बाजूचं शोधलं, आणि म्हणाली, “अहो, हे घडीवर बेतलंय. उलगडल्यावर दुप्पट होणार नाही का?”

अर्ध्याच बोटीचं माप होतं ते. पहिले पाच लाखच बरोबर होते.

म्हणजे बोटीला आणखी एक किलो हवं. फडताळातली मिठाची पिशवी आणली, मधोमध ठेवली. बोट सावकाश खाली बसली आणि पाणी नेमकं रेघेला लागलं. सुकाणू बुडलं. मचवा, तोही मिठाने भरलेला! मी फोटो काढायला फोन शोधत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, मीठ कुठे गेलं? आमटी उकळतेय.”